यमूच्या ओटीचा जिताडा

श्रीवर्धनकडे अठरा-एकोणीस दिवस राहून आलो म्हटल्यावर आमच्या गिरगावातल्या चाळीत जो तो एकच विचारतो, "मग? मासे झोडलेत की नाही?" झोडले की! पहिले पाच दिवस असे झोडले की धोतराची गाठ सैल करावी लागली. पण पुढचे दिवस कसे गेले, ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहून काढतोय. ज्यांना नुसती नारळी-पोफळींची वर्णनं हवी असतील त्यांनी सुरुवात वाचून कागद खाली ठेवावा. पुढं माझ्या हातून जे झालं ते आहे.

मी बर्फाच्या कारखान्यात आहे. अकरा वर्षं झाली. तेहतीस सालच्या माघात आमच्या शेठजींच्या डोक्यात आलं की कोकणातली मासळी किनाऱ्यावरच गोठवून मुंबईला आणायची. आजवर मासळी बर्फात पुरून आणत, वाटेत बर्फाचं पाणी होई आणि तिसऱ्या दिवशी टोपलीजवळ उभं राहवत नसे. शेठ आपल्या गुजराती वळणानं म्हणाले, "जुओ, मासा दगड झाला पाहिजे, पण बाईच्या कढईत पडला की पाछो ताजा झाला पाहिजे. जमेल ने?"

मी म्हटलं, "सोपं आहे." मला असं झटकन बोलून टाकायची वाईट खोड आहे. बर्फात जाडं मीठ घातलं की गारठा कैक पट वाढतो, हे कुल्फीवाल्याला ठाऊक असतं तेवढंच मला ठाऊक होतं. त्या जोरावर दोन लाकडी पेट्या, त्यांच्या आत बसणारे पत्र्याचे डबे, भुशाची पोती आणि बर्फाच्या लाद्या घेऊन मी शेठच्या लाँचवर चढलो. मंडळींनी लिंबाचं लोणचं बांधून दिलं होतं. ते मुंबईचं बंदर सुटायच्या आत कामी आलं, आणि त्यानंतर कशाचाच उपयोग झाला नाही. खांदेरीपासून पुढचा किनारा मी पाहिलाच नाही. मी बादली पाहिली.

दिवेआगरच्या अंगाचा कोळीवाडा

मागं दिवेआगरच्या वाड्या. नारळ आणि पोफळी इतक्या दाट की भर दुपारी आत गेलं तर दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. पुढं वाळू, वाळूवर ओढून घेतलेल्या होड्या, आणि मध्ये बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत टाकलेले. पहिल्या दिवशी तो वास नाकात बसला, दुसऱ्या दिवशी कळेनासा झाला आणि आता मुंबईत आल्यावर आठवतो.

माझी उतरायची सोय चांगोबा तांडेलांकडे केली होती. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. चांगोबा सहा शब्द बोलायचे ते चार दिवसांत. बोलायचं सगळं काम त्यांची बायको हिरूआय करायची, आणि उरलेलं त्यांचा मुलगा नामा. नामा चोवीस वर्षांचा, बापाच्या होडीवर सुकाणू धरणारा, लग्न ठरत आलेलं. मला किनाऱ्यावर उतरवून घेताना त्यानं पाठीवरच घेतलं, कारण माझे पाय चालत नव्हते. "बरफवालं दादा," तो म्हणाला, "तुमीच वितळाया लागलाव की!" सगळा कोळीवाडा हसला. मला रागच आला होता, पण रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं आंबट समोर आलं, तेव्हा जिवात जीव आला. आमच्याकडे बोंबील तळून खातात, इथं ते कोकमाच्या पाण्यात असे शिजवतात की भाकरीनं उचलावेच लागत नाहीत, आपणहून येतात. हिरूआय ताटात वाढतच राहिली. नको म्हटलं की म्हणायची, "मुंबईचा माणूस खातोय की वास घेतोय?"

तिच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. आम्ही गिरगावच्या बाजारात माशाचा डोळा बघतो, कल्ला उचलतो आणि आपण फार जाणकार असल्यासारखी मान हलवतो. हे तिला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. "डोलं काय, मेल्यावरबी दोन दिस चकाकतंय. ह्ये बघा." तिनं एका रावसाच्या मानेमागं अंगठा दाबला. खळगा पडला आणि उचलताक्षणी भरून आला. "आजचा. खळगा तसाच ऱ्हायला का समजायचं, लई दिसांचा. आमची यमू तर डोलं मिटून सांगते, कुठल्या भरतीचा मासा हाय."

यमू म्हणजे नामाची धाकटी बहीण. रेवदंड्याच्या खाडीवर दिलेली. तिला सातवा महिना लागत होता. आधीचं एक पाचव्यातच गेलं होतं, म्हणून आई हे सांगताना देवघराकडे बघत होती.

पेटी आणि पिंप

माझी पद्धत अशी. मासा पुसून पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, डबा लाकडी पेटीत, आणि भोवती बर्फाचे तुकडे नि जाडं मीठ. माशाला मीठ लागत नाही, पाणी लागत नाही, कातडी चकचकीत राहते. पहिल्या खेपेचा मासा दगड व्हायला एक अख्खा दिवस आणि वर थोडा वेळ गेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. झाला ना दगड?

नामा रिकामा असला की पेटीशी येऊन बसायचा. पेटीच्या तळाला बर्फ आणि मिठाचं पाणी साठायचं. त्यात बोट घातलं की हाडापर्यंत कळ जायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दादा, एक इचारू? ह्या खारवणीतच मासा बुडवला तर?"

"मीठ लागेल."

"लागंल तर लागंल. समिंदरातबी मीठच हाय. त्याला काय नवीन हाय का?"

"तू वल्हं मार," मी म्हटलं. "बर्फाचं मला नको शिकवूस. अकरा वर्षं घातलीत मी त्यात."

तो हसला. चिडणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं दोन सारखी पापलेटं निवडली, एक माझ्या डब्यात ठेवलं आणि दुसरं सुतळीला बांधून खारवणीत सोडलं. मी चहा घेतला, पान लावलं, तोंडात टाकलं, तोवर त्यानं आपलं पापलेट बाहेर काढून माझ्या पेटीवर टकटक वाजवून दाखवलं. माझं दुसऱ्या दिवशी सकाळीही मधोमध मऊ होतं.

पुढच्या संध्याकाळी हिरूआयनं दोन्ही तळली. नामाचं पापलेट काट्यावरून नीट पाकळी-पाकळीनं सुटत होतं, रसरशीत. माझं तोंडात फिरत राहिलं, कापूस चावावा तसं. चांगोबांनी एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघून खाली बघितलं. मी म्हटलं, "याचं लहान होतं म्हणून."

"एकाच मापाचं व्हतं, दादा," नामा म्हणाला.

मी हात धुऊन किनाऱ्यावर फिरायला निघून गेलो. खरं सांगतो, मला त्याचं म्हणणं पटलं होतं. पण कारखान्यातल्या माणसाला होडीवरच्या माणसानं बर्फ शिकवावा, हे माझ्या घशाखाली उतरेना.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नामानं जिताडा धरला. या बाजूला जिताड्याला जो मान आहे तो आपल्याकडे कशालाच नाही. व्याह्याकडे न्यायचा तो जिताडा, साहेबाची मर्जी राखायची तर जिताडा. हा खाडीच्या तोंडाशी मिळाला. नामानं तो खांद्यावर टाकून आणला तर शेपूट त्याच्या कमरेला लागत होती. चांदीसारखा पांढरा, पाठीवर जरा सावळा. सगळं घर बाहेर आलं.

"यमूच्या ओटीला!" तो लांबूनच ओरडला.

आमच्याकडे ओटीला खण-नारळ, गहू. या घरात बहिणीची पहिली ओटी भरताना भावानं मासा न्यायचा, आणि तो त्यानं स्वतः धरलेला असायला हवा. पण ओटीला अजून बारा दिवस होते, आणि जिताडा काही सांगून येत नाही. हिरूआय म्हणाली, "आता ह्यो खाऊ. तवा दुसरा गावंल."

आणि मी बोललो. "कशाला? मी ठेवतो की! पाण्यातून काढला तसा तिच्या दारात उभा करतो."

नामाचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मग तो हळूच म्हणाला, "दादा, ह्याला तरी खारवणीत सोडू या. पेटीत मावंल न्हाय, पन आमचं पान्याचं पिंप हाय. त्यात बरफ नि मीठ घालू."

"आणि मिठानं कातडी काळी पडली तर? बहिणीच्या ओटीला काळा मासा नेशील?"

त्यानं जिताड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमी शिकल्यालं," म्हणाला. "तुमी म्हनाल तसं."

तोच मला डबा उचलू लागला. पेटी लांबीला पुरेना म्हणून दोन फळ्या ठोकून वाढवली, त्याच्याच हातानं. गोठायला पुरते दोन दिवस लागले.

बोंबील कुणी उतरवले नाहीत

तिसऱ्या दिवशी सकाळी नामा बापाबरोबर डोलीवर गेला. डोल म्हणजे समुद्रात खुंट रोवून लावलेलं मोठं जाळं, ओहोटीच्या जोरावर मासळी धरणारं. जाळं सोडताना दोराचं वेटोळं त्याच्या पायात आलं. जाळं ओढीनं गेलं आणि त्याला घेऊन गेलं. चांगोबांनी दोर कापून त्याला वर काढलं, पण तोवर जो वेळ गेला तो गेला. दुपारी होडी आली तेव्हा मी किनाऱ्यावर बर्फ फोडत होतो. होडीतून नेहमीची आरोळी आली नाही, म्हणून मी मान वर केली.

यापुढं त्या दिवसाचं मला लिहिता येत नाही. हिरूआयचा आवाज मी अजून ऐकतो, एवढंच.

त्या घरातलं सगळं होतं तिथं थांबलं. वलांडीवरचे बोंबील दोन दिवस कुणी उतरवले नाहीत, ते कावळ्यांनी नेले. मी निघून जावं असं मला वाटे आणि जाववत नसे. लाँच आली, शेठचा निरोप आला, मी लाँच परत पाठवली आणि फक्त बर्फ ठेवून घेतला. कारण पेटीत जिताडा होता.

यमूचा नवरा कळल्या दिवशीच येऊन गेला. मोठी माणसं बसली आणि ठरलं ते असं : बाळंत होईपर्यंत यमूला कळू द्यायचं नाही. आधीचं एक गेलेलं, आणि हिचा तर भावावर जीव. सुईणीनं बजावलं होतं की धसका बसला तर पोरही जाईल नि आईही जाईल. ओटी ठरल्या दिवशीच भरायची. आई-बाप सुतकात, ते येणार नाहीत. आईला ताप आला म्हणून सांगायचं. पण भाऊ का नाही आला?

चौथ्या दिवशी हिरूआय माझ्यासमोर येऊन बसली. चार दिवसांत ती म्हातारी झाली होती.

"दादा, तुमी जावा मासा घेऊन. सांगा, नामा तुमच्या लाँचवर कामाला लागलाय, ममईला गेलाय. तिला पटंल. तो तुमच्या बरफाचंच बोलत असायचा."

मी म्हटलं, "आई, दुसरा ताजा मासा घेऊन जातो की! कुणाकडूनही घेऊ."

"न्हाय," ती म्हणाली. "त्यानं धरल्यालाच जाऊ द्या. त्याच्या हातचं तेवढंच ऱ्हायलंय. आनि ताजाच हाय ना तो? तुमीच म्हनलाव, पान्यातनं काढल्याला तसा."

मी हो म्हटलं. त्या बाईपुढं आणखी काय म्हणणार होतो?

तेव्हापासून मी पेटीला दिवसातून तीनदा बर्फ आणि मीठ घालायचो. आणि सहाव्या दिवशी दिवेलागणीला मागच्या पडवीत आलो तर हिरूआय पेटीशी बसलेली. झाकण उघडं, डबा उघडा. एका हातात पणती, दुसरा हात माशाच्या अंगावर. त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. डब्याच्या कडांवरून पाणी ओघळत होतं.

माझ्या तोंडावर आलं होतं : अहो, काय करताय, सगळं वितळेल! कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. इथं मी दाराआड उभा राहिलो. तिनं झाकण लावलं, पणती घेतली आणि आत गेली. मग मी वर बर्फ रचला. ती रोज येत होती, हे मला नंतर समजलं. एकदाही मी काही बोललो नाही, आणि याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

दोन होड्या

दहाव्याच्या दिवशी पहाटे किनाऱ्यावरून दोन होड्या सुटल्या. एकीत चांगोबा, अस्थींचं गाडगं आणि चार माणसं. ती दक्षिणेला हरिहरेश्वराकडे वळली. दुसरीत मी, पेटी आणि नामाचा मित्र बाळू. आम्ही उत्तरेला. हिरूआय मध्ये वाळूत उभी होती. कुठल्या होडीकडे बघावं हे तिला कळत नसावं. तिनं आमच्याकडे बघितलं, कारण जाता जाता तिला सांगायचं राहिलं होतं : "तिला म्हनावं, जिताड्याचं डोस्कं मीच खाल्लं असतं, पन तुलाच दिलं."

पहाटे जमिनीवरून सुटतो त्या वाऱ्याला मतलई म्हणतात. त्यावर शीड भरलं आणि होडी शांतपणे चालू लागली. येताना न पाहिलेला किनारा या खेपेस पाहिला. डोंगर पाण्यापर्यंत उतरलेले, मध्येच एखादी पांढरी पुळण, मुरुडच्या पाण्यातला तो मोठा किल्ला उन्हात एकटाच. दुसऱ्या कुठल्या वेळी मी दोन पानं भरून लिहिली असती. उलटी एकदाही झाली नाही. तेही त्या दिवशी मला बरं वाटलं नाही.

मासा वितळायला हवा म्हणून सकाळीच डब्यातून काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. दुपारी वारा फिरला, होडी रखडू लागली. कोर्लईचा डोंगर दिसायला लागला तेव्हा मी गोणपाट सोडलं.

गोणपाट खालून गुलाबी पाण्यानं भिजलं होतं. डोळा पांढराफटक. मी मासा दोन्ही हातांवर उचलला तर तो मधोमध लोंबला. भीत भीत मानेमागं अंगठा लावला. खळगा पडला तो तसाच राहिला, आणि हळूहळू त्यात पाणी साठलं.

कुल्फी सावकाश धरली तर दाताला बर्फाचे खडे लागतात, झटकन धरली तर ती लोण्यासारखी उतरते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माशाच्या अंगातही पाणीच असतं. दोन दिवस सावकाश गोठत त्याचे मोठाले खडे झाले, त्यांनी आतलं मांस फाडलं. रोज दिवेलागणीला झाकण उघडलं की ते थोडे विरघळले आणि पुन्हा धरताना आणखी मोठे झाले. पिंपातल्या खारवणीत एका दुपारीत हा मासा दगड झाला असता, त्या पापलेटासारखा. नामानं दोनदा सांगितलं होतं. मी त्या होडीत बसून कपाळ बडवून घेतलं, शब्दशः.

बाळूनं बघितलं. "दादा, टाका पान्यात. सांगू, गावला न्हाय जिताडा. नारलानं भरतील वटी."

त्याचं ऐकायला हवं होतं. पण मला दिसत होती ती पणती. त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय, असं म्हणणारी बाई. आणि खोटं का बोलू, माझ्या मनात हेही होतं की संध्याकाळच्या उजेडात कुणाला कळतंय? मी समुद्राच्या पाण्यानं मासा धुतला, पुसला, केळीच्या पानात बांधला. अकरा वर्षांचा अनुभव तो हा!

रेवदंड्याची खाडी

दारात रांगोळी होती. यमू पाटावर बसली होती, हिरवं लुगडं, दंडाला आणि केसांत फुलं. नाकडोळे अगदी नामाचे. बायका ओटीची गाणी म्हणत होत्या. त्यातल्या प्रत्येकीला खरं काय ते माहीत होतं, आणि प्रत्येकीचा आवाज जरा जास्तच मोठा होता. नवरा खांबाला टेकून उभा होता.

"तुमीच ना बरफवालं?" यमू म्हणाली. "नामा कुठं हाय?"

मी पाठ केलेलं बोललो. लाँचवर लागला, मुंबईला गेला, शेठला फार आवडला. आईला ताप आहे, काळजी करण्यासारखं नाही. डोकं मीच खाल्लं असतं पण तुला दिलं, असं आई म्हणाली. यावर ती खळखळून हसली. माझा जीव भांड्यात पडला.

"आना तरी, बघू."

सासूनं तिच्यापुढं केळीचं पान उलगडलं. यमूनं डोळा बघितला नाही की कल्ला उचलला नाही. ती अजून हसतच होती. सवयीनं तिचा अंगठा माशाच्या मानेमागं गेला, दाबला आणि उचलला.

ती त्या खळग्याकडे बघत राहिली. मागं गाणं चालूच होतं.

"कंदी धरला ह्यो?"

"परवा," मी म्हटलं.

"कुनी?"

"नामानंच. खास तुझ्यासाठी."

"मंग त्यानं आंगठा न्हाय लावला?" तिनं माझ्याकडे बघितलं. "लहानपनापास्नं आमी दोघं आंगठा लावायचो, कुनाचं खरं निघतंय म्हून. असा मासा तो कुत्र्याला घालायचा न्हाय. मना वटीला पाठवंल?"

मी म्हटलं, "प्रवासात जरा..."

"दादा, माजा भाव कुठं हाय?"

मी तिच्या नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. तेवढ्यावरून ती समजली. गाणं एकेका आवाजानं थांबत गेलं आणि शेवटी एकच म्हातारी गात राहिली, तिला ऐकू कमी येत असावं.

सासू धावली, "यमू, पोटाकडं बघ बाई, पोटाकडं बघ!" यमूनं दोन्ही हातांनी पोट धरलं. ती ओरडली नाही. मग ती म्हणाली, "गानं का थांबवलं? भरा वटी." आणि मला विचारलं, "ह्यो त्यानंच धरला? ते तरी खरं?"

"ते खरं," मी म्हटलं. "खांद्यावर टाकून आणला होता. लांबूनच ओरडला, यमूच्या ओटीला!"

तिनं पदर पसरला. बायकांनी रडत रडत जिताडा तिच्या ओटीत ठेवला. त्याचं पाणी हिरव्या लुगड्यातून पाटावर गळायला लागलं. तेव्हा तिनं माशावर डोकं टेकलं आणि ती रडली.

रात्र तशी गेली. सकाळी तिनं तो मासा रांधायला लावला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः खाल्ला. माझ्याही ताटात तुकडा आला. चोथा होता. ती प्रत्येक घास चावून गिळत होती, आणि काटे नीट एका बाजूला काढून ठेवत होती.

वैशाखात लाँचवाल्यानं मुंबईत मला सांगितलं की यमूला मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. त्या दिवशी मी कारखान्यातून अर्ध्या दिवसानं घरी आलो आणि मंडळींसमोर लहान मुलासारखा रडलो.

पुन्हा वाळूवर

रेवदंड्याहून परत आलो तेव्हा मुंबईला जायची लाँच किनाऱ्याशी येऊन थांबली होती. हिरूआय वलांडीजवळ बसली होती. हातात काम नव्हतं. खोटं बोलून निघून जाता आलं असतं, पण एका खेपेत जेवढं खोटं बोललो तेवढं पुरे झालं होतं. मी तिच्याजवळ वाळूत बसलो.

"आंगठा लावला तिनं?" तिनं विचारलं.

"हो."

"कलालं?"

"कळलं. पण ती बरी आहे, आई. जेवली. मासा तिनं खाल्ला."

तिनं वाळूत बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाली, "मी रोज झाकान उघडायची. त्यानं झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "चूक माझी. खारवणीत बुडवा, असं नामा सांगत होता. मी ऐकलं नाही. त्याचं बरोबर होतं."

मला वाटलं, आता ही बाई मला शाप देणार. ती माझ्याकडे वळली.

"काय म्हनला तो? नीट सांगा."

"म्हणाला, खारवणीतच मासा बुडवला तर? मी म्हटलं, मीठ लागेल. तर म्हणाला, लागंल तर लागंल, समिंदरातबी मीठच हाय. त्याला काय नवीन हाय का?"

तिचे ओठ हलले. "आस्संच बोलायचा," ती म्हणाली. "आनि?"

मी पापलेटांचं सांगितलं. सुतळी, टकटक, एकाच मापाचं व्हतं दादा. मी किती चिडलो आणि तो कसा हसला. पाण्याचं पिंप. तुमी शिकल्यालं. पेटीला फळ्या ठोकताना खिळा दातांत धरून तो काय गुणगुणत होता तेही सांगितलं. ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. सांगून संपलं.

लाँचनं भोंगा दिला. मी उठायला लागलो. तिनं माझं मनगट धरलं.

"जाऊ द्या तिला," हिरूआय म्हणाली. "पुन्यांदा सांगा. पयल्यापासनं."